ब्लेंडर शिकताय? आधी एफ-वन दाबायची सवय लावा

मी ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल आणि ॲनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर, नवीन नवीन शिकत होतो तेव्हा यूट्यूबवर एक मस्त ट्यूटोरियल सापडलं, त्यात तो बाबा म्हणतो स्पेसबार दाबा आणि टूलचं नाव टाइप करा, मी दाबतोय तर खाली टाइमलाइनच धावायला लागली. तीनदा केलं. मला वाटलं कीबोर्ड गेला. नंतर कळलं की व्हिडिओ जुन्या व्हर्जनचा होता, जुलै २०१९ मध्ये २.८० व्हर्जन आलं तेव्हा टूल शोधायचा सर्च गेला एफ-थ्रीवर, स्पेसबारने ॲनिमेशन प्ले व्हायला लागलं, आणि सिलेक्ट करणंसुद्धा राइट क्लिकवरून लेफ्टवर आलं. व्हिडिओ बिचारा तसाच राहतो, ब्लेंडरचं ऑनलाइन मॅन्युअल मात्र प्रत्येक व्हर्जनचं वेगळं असतं.

आता ते वापरायचं कसं? पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, झोप येईल. जे बटण कळत नाहीये त्यावर माउस न्या, क्लिक नको, नुसता न्या, आणि एफ-वन दाबा, ब्राउझरमध्ये त्याच गोष्टीचं पान उघडतं. राइट क्लिकच्या मेनूतही 'ऑनलाइन मॅन्युअल' असतं. पान उघडलं की आधी व्हर्जन बघा, आपल्याकडे आहे तेच आहे ना, गूगलवरून गेलात तर हमखास दुसरंच उघडतं.

माझं एक्झाम्पल सांगतो. ऑब्जेक्ट मोडमध्ये (जिथे अख्खी वस्तू हलते) क्यूब एका बाजूने ताणला, मग एडिट मोडमध्ये (जिथे तिच्या कडा-कोपरे बदलता येतात) बेव्हल मारला, म्हणजे कडा तासल्या, तर कडा एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद. अख्खी संध्याकाळ व्हिडिओ पालथे घातले. गोष्ट एवढीच की स्केल 'अप्लाय' केलेला नव्हता, म्हणजे ब्लेंडरच्या हिशेबात मेश, म्हणजे क्यूबचा सांगाडा, अजून मूळ मापाचाच. एन दाबून साइडबारमध्ये स्केल बघायचा, १ नसेल तर ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल निवडायचा, झालं. मॅन्युअलमध्ये 'अप्लाय'चं वेगळं पानच आहे हो!

अर्थात मॅन्युअल वाचून कोणी खुर्ची बनवायला शिकत नाही, प्रत्येक बटण काय करतं ते कळतं, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर यासाठी डोनटवाले व्हिडिओ (नवशिक्यांना डोनट बनवत ब्लेंडर शिकवणारे) बघावेच लागतात, फक्त व्हिडिओ पॉज करून एफ-वन दाबत चला. आणि नेटचा भरवसा नसेल तर मॅन्युअलच्या साइटवर पूर्ण एचटीएमएल झिप आणि ईपब फुकट मिळतं, ते आधीच उतरवून ठेवा.