आडसाली लावणीआधी आपल्या रानाचा पूरनकाशा तयार करावा

आडसाली उसाची लावण आणि पंचगंगेचा पूर हे दोन्ही जुलै-ऑगस्टमध्येच येतात. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतील नदीकाठच्या शेतकऱ्यांनी कोणत्या रानात काय लावायचे, हे मृगाच्या आधीच ठरवून ठेवावे.

गगनबावडा व राधानगरीकडचा पाऊस, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून उतरणारे पाणी, धरणातून होणारा विसर्ग आणि खाली नृसिंहवाडीजवळ कृष्णा भरून वाहत असताना मागे चढणारा फुगवटा, या सर्वांचा परिणाम शेवटी आपल्या बांधावर एकत्र दिसतो. भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजेच जीआयएसमध्ये, गटांच्या हद्दी, ओढे, जमिनीचा उतार, मातीचा प्रकार आणि जुन्या पुरांची व्याप्ती हे वेगवेगळे थर एकाच नकाशावर मांडता येतात. ते एकत्र पाहिले, की एकाच शेतकऱ्याच्या एका रानात पाणी नदीकडून, तर दुसऱ्यात ओढ्यातून उलटे का शिरते, हे स्पष्ट होते.

गटाची हद्द राज्य शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर पाहता येते. पावसाळ्यात ढगांमुळे साधे उपग्रहचित्र उपयोगी पडत नाही, मात्र सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहाचे रडार ढगांतूनही पाणी टिपते आणि त्याची जुनी चित्रे विनामूल्य मिळतात. उंचीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक असू शकते आणि आपल्याकडे दोन फुटांच्या फरकाने पीक वाचते किंवा जाते. म्हणून २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे गावातील जाणत्या माणसांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन विचारावे, मोबाइलवर त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ते बिंदू नकाशावर घ्यावेत. आमच्या मते संपूर्ण नकाशात सर्वांत विश्वासार्ह थर हाच ठरतो.

याच नोंदींना कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी जोडावी. तेथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, तर २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना आपल्या गटात पाणी येते आणि पाणंदीवरील मोरी त्याच्या किती वेळ आधी बुडते, हे दोन-तीन पावसाळे लिहून ठेवले, तर मोटारी कधी काढायच्या आणि जनावरे व वैरण कधी हलवायची, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. शिरोळच्या शेतकऱ्यांनी केवळ राजाराम बंधाऱ्यावर विसंबू नये. कृष्णेची पातळीही सोबत नोंदवावी.

वारंवार बुडणाऱ्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात जुलैमध्ये आडसाली लावू नये. कोवळा ऊस पूर्ण बुडतो, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसतो आणि बियाणे, खत व मजुरी सर्वच वाया जाते. अशा रानात खरिपात ताग किंवा धैंचा घेऊन तो गाडावा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी ऊस लावावा. पूर आलाच, तर नुकसान हिरवळीच्या बियाण्यापुरते राहते. आडसालीसाठी नकाशावर उंच दिसणारे, निचऱ्याचे रान राखून ठेवावे.

शिरोळकडील क्षारपड जमिनीसाठी हाच नकाशा हिवाळ्यात पुन्हा उघडावा. सेंटिनेल-२ च्या चित्रांत, ज्यांत एक ठिपका १० मीटरचा असतो, उसाचा जो पट्टा दरवर्षी फिका दिसतो, तेथील मातीचे नमुने वेगळे काढून तपासावेत. निचऱ्याचे चर किंवा सच्छिद्र पाइप टाकण्यापूर्वी उताराचा थर पाहून पाणी शेवटी कोणत्या ओढ्यात जाणार आहे, हे निश्चित करावे. तो ओढा शेजाऱ्यांच्या गटांतून जात असेल, तर त्या सर्व खातेदारांनी एकत्र बसूनच चराची दिशा आणि खोली ठरवावी, कारण एकट्याच्या रानातून काढलेले पाणी खालच्या रानात साचते.