ग्रास कटर घुमतोय? आधी टाकीतलं पेट्रोल ओता

हस्ताचा पाऊस ओसरता ओसरता आंबा-काजूच्या बागांतलं गवत कापून झालं पाहिजे. त्याआधी घाई केली तर रान पुन्हा उठतं. दिवाळीपर्यंत थांबलात तर बी गळून पडतं आणि उभं वाळलेलं गवत वणव्याला आयतं सरपण होतं. मधे हाताशी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि नेमकं याच दिवसांत मशिन घुमायला लागतं. रेस आपोआप वर जाते, खाली येते, आणि पातं गवताला टेकलं की इंजिन बसतं.

मशिन गॅरेजमध्ये पडून राहिलं म्हणून गवत राहिलं, आणि फेब्रुवारीत गडग्यापलीकडची आग आत शिरून मोहोरातली काजू होरपळली, अशा बागा मी पाहिल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी मूळ कारण एकच निघालं: टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल.

पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा! पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं. वरचं पेट्रोल उडून जातं आणि मागे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोंडात, फणसाच्या चिकासारखा चिकट तपकिरी थर उरतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यामुळे निम्मं बुजलं तरी पुरे. त्यासाठी मशिन आठ महिने पडून राहावं लागत नाही. श्रावणात कापणी करून तसंच ठेवलेलं मशिनही आता त्रास देतं. महिन्यावरचं पेट्रोल मी जुनंच धरतो.

खात्री करायची तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतून सावलीत तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, नाहीतर आंबूस वास आला, तर ते पुन्हा टाकीत घालू नका.

आता ताजं पेट्रोल भरून मशिन चालू करा, गरम होऊ द्या आणि चोक हळूहळू अर्धा लावा. घुमणं थांबून आवाज एकसारखा झाला, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे जेट बुजलाय, नाहीतर नळी किंवा गॅस्केटमधून हवा ओढली जातेय. चोक लावल्यावर आणखी गुदमरलं आणि धूर काळा आला, तर आधी एअर फिल्टर बघा. दहा मिनिटं छान चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. फस्‌ करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बंद झालंय. हा बिनपैशाचा बिघाड, पण यापायीही मशिनं दुकानात जातात.

टू-स्ट्रोकवाल्यांनी हे घुमणं अजिबात अंगावर काढू नये. त्यात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तसंच दामटलं की पिस्टन धरतो, आणि मग खर्च हजारांत जातो.

बाकीची कामं:
- प्लग: विटकरी-तपकिरी रंग ठीक, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काळा-ओला म्हणजे जास्त. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी.
- टू-स्ट्रोक मिश्रण: पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली टू-टी ऑइल.
- फोर-स्ट्रोक: पेट्रोलमध्ये ऑइल नको. इंजिन ऑइलची पातळी मशिन सपाट ठेवून बघा.
- स्पंजचा फिल्टर: साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.
- टाकीतला पेट्रोल फिल्टर, नळ्या, प्रायमरचा फुगा: चिरले असतील तर बदला.
- सायलेन्सरच्या तोंडावरची जाळी: काजळी काढा.
- पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा.

जेट साफ करताना टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. विजेच्या मऊ वायरची तांब्याची एक तार पुरते. पडद्याच्या (डायफ्रॅमच्या) कार्बोरेटरवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पडदा फाटतो. पडदा कडक होऊन वाजायला लागला असेल तर तेवढा पडद्याचा संच बदला.

दुकानात मात्र पहिला सल्ला असतो, अख्खा कार्बोरेटर बदला. जोडीला पेट्रोलमध्ये घालायची बाटली आणि महागडा प्लगही गळ्यात मारतात. जुनं पेट्रोल तसंच राहिलं तर नवा कार्बोरेटरही पुढच्या वर्षी बुजणार. कुणी नुसता स्क्रू पिळून आवाज सरळ करून दिला तर त्याच्यावरही विसंबू नका. जेट अर्धवट बंदच असतो.

या आठवड्यात आधी बांधालगतचा आणि रस्त्याकडेचा दोन-तीन मीटरचा पट्टा मोकळा करा. मधलं गवत त्यानंतर. कापलेलं गवत झाडाच्या आळ्यात घाला, गडग्याला ढीग लावू नका.

शेवटच्या कापणीच्या दिवशी, घरी जाण्याआधीच, टाकी ओतून रिकामी करा. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. प्रायमर पाच-सहा वेळा दाबून टाकीत परत आलेलं थेंबभर पेट्रोलही ओता आणि पुन्हा चालवून बघा. पॉवर वीडरसारख्या वाटीच्या कार्बोरेटरला खाली बोल्ट असतो, तो सोडून वाटी रिकामी करा. प्लग काढून आत चार थेंब ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. ऑइल न मिसळलेलं ताजं पेट्रोल उरलं तर दुचाकीत घाला. मिसळलेलं किंवा खराब झालेलं पेट्रोल भाग धुवायला मेस्त्रीला द्या, वहाळात ओतू नका.