अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व: अर्ज कुठे करायचा आणि नंतर काय सांभाळायचं

मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. मुलाला पैसे मोजता येत नसले, सही करता येत नसली, तरी संपतंच. बऱ्याच घरांना हे बँकेच्या खिडकीवरच कळतं. मग कोणीतरी मुखत्यारपत्राचा (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) सल्ला देतं. तो कामाचा नाही. ज्याला व्यवहार समजत नाही तो दुसऱ्याला मुखत्यारपत्र करून देऊ शकत नाही, आणि आधी दिलेलं साधं मुखत्यारपत्रही देणाऱ्याची समज गेली की करार कायद्यानुसार संपतं.

आधी निदान बघा, कारण कोणाचं दार ठोठवायचं ते त्यावर ठरतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता (एकाहून अधिक अपंगत्वं) असेल तर 1999 चा राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा लागू होतो. यात कोर्टात जावं लागत नाही. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया आणि कोमा या कायद्यात बसत नाहीत. मानसिक आरोग्यासाठीच्या 2017 च्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याचा अधिकार उपचारांपुरता; त्या कागदावर फ्लॅट किंवा मुदतठेव हलत नाही. कोमातल्या माणसाची पत्नी किंवा मुलं उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली याचिका करतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 14 मर्यादित पालकत्व देतं, म्हणजे ठराविक कामापुरतं आणि ठराविक काळापुरतं, त्या व्यक्तीशी मिळून निर्णय घेणं.

राष्ट्रीय न्यासाचा अर्ज ‘फॉर्म ए’वर होतो. सोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, पालक होणाऱ्याची ओळखपत्रं आणि फोटो ठेवा. आईवडील दोघं हयात असतील तर अर्ज दोघांनी मिळून करायचा. एकाचा मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्तता किंवा परित्याग असेल तर दुसऱ्याला एकट्याने करता येतो, पण त्याचा कागद जोडावा लागतो. दोघंही नसतील तर भावंडं, नंतर इतर नातेवाईक. एकच भावंड अर्ज करत असेल तर बाकीचे का नाहीत हे स्वतंत्र लिहून द्या आणि त्यांची ना हरकत आधीच घ्या. समितीसमोर बसून भाऊ-बहिणीचं भांडण निघालं की प्रकरण महिनोन्‌महिने रखडतं.

अर्ज परत येण्याची कारणं फार किरकोळ असतात. आधारवर एक स्पेलिंग, प्रमाणपत्रावर दुसरं. किंवा प्रमाणपत्रावर फक्त ‘मानसिक आजार’ लिहिलेलं. नाव अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. पालक भारताचा नागरिक हवा. त्याला फौजदारी शिक्षा झालेली नसावी, तो दिवाळखोर किंवा दुसऱ्यावर अवलंबून नसावा. मुलीसाठी एकट्या पुरुषाची नेमणूक होत नाही. पत्नीसोबत सहपालक म्हणून होते आणि मुख्य पालक पत्नीच असते.

पालक खरंच लागतो का आणि कशासाठी, हे समितीने बघायचं असतं. म्हणून ‘सर्व कामांसाठी’ असं मोघम लिहू नका. बँक खातं, कुटुंब निवृत्तिवेतन, उपचारांची संमती, असं नेमकं लिहा. जे निर्णय ती व्यक्ती स्वतः घेऊ शकते, उदाहरणार्थ काय खायचं, कोणाला भेटायचं, ते तिच्याकडेच राहू द्या. जास्त अधिकार मागितला म्हणून जास्त सुरक्षितता मिळत नाही.

पालकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की बहुतेक कुटुंबं फाइल कपाटात टाकतात. खरी जबाबदारी इथून सुरू होते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची, इतर संपत्तीची, येण्यांची आणि कर्जांची यादी समितीला द्यायची. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, मिळालेले आणि खर्च केलेले पैसे आणि शिल्लक यांचा हिशेब. यासाठी खातं वेगळंच ठेवा. घरखर्चाच्या खात्यात निवृत्तिवेतन मिसळलं की वर्षाअखेरी हिशेब जुळत नाही, आणि ते नातेवाइकांच्या तक्रारीला आयतं निमित्त होतं. दुर्लक्ष, छळ किंवा मालमत्तेची अफरातफर दिसली तर समिती पालकाला काढू शकते.

मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची असेल तर फक्त प्रमाणपत्रावर विसंबू नका. पालक हा मालक नसतो. व्यवहाराआधी वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयाची परवानगी घेतलेली बरी. नाहीतर पुढे खरेदीखतच वादात सापडतं.

पालकत्व वारसाहक्काने पुढे जात नाही. मृत्युपत्रात ‘माझ्यानंतर धाकटा भाऊ पालक’ लिहिलं तरी त्या भावाला समितीकडे नव्याने अर्ज करावाच लागतो. आईवडील साठीत पोहोचण्याआधीच कोण पुढे येणार हे ठरवून, त्या भावंडाला बँकेत, डॉक्टरकडे, हिशेबाच्या कामात सोबत नेत राहा.