ग्रुप थेरपीत शिकलेलं घरी दिसत नाही? या चुका टाळा

गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठलेही ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाचे पालक घ्या, ग्रुप थेरपीबद्दल, म्हणजे काही मुलांना एकत्र घेऊन चालणाऱ्या थेरपीबद्दल, तक्रार एकच: "सेशनमध्ये सगळं करतो हो, घरी मात्र काही नाही." दोष मुलाचा नसतो आणि बहुतेकदा थेरपिस्टचाही नसतो. खोलीतलं शिकणं घरापर्यंत आणायचं काम कुणीच अंगावर घेतलेलं नसतं.

पहिली चूक गट निवडताना होते, फक्त वय बघून. पाच वर्षांचं एक मूल वाक्यांत बोलतं, दुसरं हात धरून नेऊन हवी ती वस्तू दाखवतं. दोघांना एकत्र बसवलं तर एक कंटाळतं, दुसरं बावरतं. मुलं किती, मोठी माणसं किती, बोलण्या-समजण्याची पातळी जुळते का, हे आधी विचारा. ज्याला समोर एक माणूसही सोसत नाही, त्याला आधी एकट्याचं सेशन, मग एक जोडीदार, मग गट. हाकेला ओ देत नसेल तर कानांची तपासणी सर्वांत आधी. "लक्षच देत नाही" असा शिक्का बसलेल्या मुलाला ऐकूच कमी येतं, असंही निघतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आता भाषा. आजी कोकणीत, आईबाबा मराठीत, शाळा इंग्रजीत, हे गोव्यातलं नेहमीचं घर. ऑटिझमचं निदान झालं की घरात एकदम "कम, सिट, नो" सुरू होतं. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, की बोलणं मागे पडत नाही. उलट या तीन शब्दांच्या इंग्रजीत आईची बडबड, गाणी, लाडीगोडी सगळं आटतं आणि आजी तर बाहेरच पडते. घरात जी भाषा सहज येते, तीच बोला. थेरपिस्टला घरातले शब्द सांगा. "माझी पाळी, तुझी पाळी" दोन्हीकडे एकाच शब्दांत ऐकू आलं, तर मुलाला ते लवकर उमगतं.

सेशन संपल्यावर "आज कसा होता?" विचारलं की "छान" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात कशावर काम चाललंय?" समजा, मागायला शिकणं चाललंय. मग सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की मुलाला घेऊन दारात जा, पैसे त्याच्या हातात द्या आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. "दोन पाव" असं तो म्हणेल, बोटं दाखवेल किंवा चित्राचं कार्ड पुढे करेल, तिन्ही चालतं. पोदेराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तो भला माणूस मागण्याआधीच पाव काढून देतो. मुलाच्या वतीने बोलणं ही आपल्याकडची सर्वांत मायाळू चूक. "डोळ्यांत बघून बोल" हा आग्रहही सोडा. खाली बघूनही मूल ऐकत असतं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, हमखास घसरण होते. सेशन बंद, मूळ घरी वीस माणसं, फटाके, आरत्या, आणि वर कुणीतरी म्हणतं, "ग्रुपमध्ये जातोस ना, मग खेळ की सगळ्यांबरोबर!" चार मुलांच्या शांत खोलीत जमलेलं तिथे आपोआप जमत नाही. जाण्यापूर्वी घराचे, माणसांचे फोटो दाखवा. कान झाकायचं साधन सोबत ठेवा. एक खोली शांत राहील असं काकीला आधीच सांगून ठेवा. सगळ्या भावंडांत ढकलण्यापेक्षा एकच चुलत भाऊ आणि ओळखीचा एकच खेळ पुरे. परतल्यावर पहिल्या सेशनला मूल थोडं मागे गेलेलं दिसलं, तर घाबरून थेरपी बदलू नका. दोन-तीन महिने नियमित जाऊनही घरी काहीच फरक पडला नाही, तर मात्र थेरपिस्टसोबत बसून उद्दिष्टं नव्याने ठरवा. कदाचित गटच बदलावा लागेल.