गरम हवेच्या जमिनीत कर्ब टिकवायचा कसा

उष्ण कटिबंधात शेती करणाऱ्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते, शेणखत टाकतोय टाकतोय पण माती परीक्षणाच्या रिपोर्टमधे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतून मातीत आलेला कार्बन, काही वर सरकत नाही. सरकणार कसा? तापमान 10 अंशांनी वाढलं की मातीतले जिवाणू साधारण दुप्पट वेगाने कुजवतात, त्यात ओल मिळाली तर बघायलाच नको, टाकलेलं बरंचसं हवेत जातं. म्हणून किती टाकलं त्याआधी जातंय कुठून ते बघा.

पहिला गुन्हेगार रोटाव्हेटर. मातीच्या ढेपळांच्या आत जो कर्ब दडून बसलेला असतो तो पीठ केल्यावर उघडा पडतो. नांगरणी पूर्ण बंद करणं जमत नसेल तर पेरणीच्या ओळीपुरती पट्टी मोकळी करा, बाकी जमीन हलवू नका. पण नुसती नांगरणी थांबवून कर्ब वाढतो असंही समजू नका हं, बरेचदा तो वरच्या थरात गोळा होतो आणि खालच्या थरात कमी होतो, एकूण हिशेब जवळपास तिथेच.

खरी कमाई मुळांची आहे. वरून टाकलेल्या काडीकचऱ्यापेक्षा मुळांतून आलेला कर्ब जास्त टिकतो, कारण मुळं मातीच्या कणांना चिकटून असतात आणि त्यांच्यातून झिरपणारा रस तिथेच जिवाणू खातात, ते मेले की त्यांचे अवशेष चिकणमातीला धरून बसतात. त्यामुळे जमिनीत ओल आहे तोवर काहीतरी जिवंत उभं पाहिजे. मक्यात चवळी घ्या नाहीतर तूर घ्या, मुख्य पीक निघायच्या आधीच पुढचं टोकून द्या, मधे मोकळा काळ असेल तर ताग किंवा धैंचा. ताग फुलावर आला की कापायचा, साधारण 45-50 दिवसांत, आणि शक्यतो गाडू नका, जागेवर आडवा करून आच्छादन म्हणून राहू द्या. उघडी माती भर उन्हात 50 अंशांच्या पुढे जाऊ शकते, झाकलेली तेवढी तापत नाही.

काडीचं गणित मात्र सांभाळा. भाताच्या नाहीतर मक्याच्या काडीत एका भाग नत्राला 60-80 भाग कर्ब असतो, शेंगवर्गीय पाल्यात 15-20. नुसती काडी मातीत मिसळली तर ती कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात, पीक पिवळं पडतं आणि मग लोक म्हणतात आच्छादनाने नुकसान झालं. काडीसोबत हिरवा पाला मिसळा, बांधावर गिरिपुष्प लावलं की छाटणीचा पाला घरचाच होतो. कोरड्या भागात वाळवी आणि मोकाट जनावरं आच्छादन शिल्लकच ठेवत नाहीत, तिथे झाडांवरच भर द्या. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात फैदरबिया नावाचं झाड आहे, ते पावसाळ्यातच पानं गाळतं, म्हणून खालच्या पिकाला ऊन मिळतं आणि पालाही!

वाळूच्या किंवा खूप झिजलेल्या लाल जमिनीत कर्ब धरायला जागाच कमी, तिथे बायोचार, म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, कामाला येतो. अ‍ॅमेझॉनमधे आदिवासींनी केलेले काळ्या मातीचे पट्टे शेकडो वर्षांनंतरही तसेच आहेत, त्यात कोळसाच आहे. पण कोरडा कोळसा टाकू नका, आधी कंपोस्टमधे मुरवा, आणि जमीन आम्लधर्मी असेल तरच मोकळ्या हाताने वापरा कारण कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. त्यासाठी झाडं तोडणार असाल तर मात्र राहू द्या.

आता मोजमाप, इथेच सगळे गंडतात. नुसती टक्केवारी बघून उपयोग नाही, मातीची घनताही लागते, त्यासाठी ठराविक मापाचं नळकांडं ठोकून माती काढायची, वाळवून ग्रॅममधे वजन करायचं आणि नळकांड्याच्या घनसेंटिमीटरमधल्या मापाने भागायचं. मग टक्केवारी गुणिले घनता गुणिले सेंटिमीटरमधली खोली केलं की हेक्टरी टन थेट मिळतात. 0.5 टक्के कर्ब, 1.3 घनता, 15 सेंटिमीटर खोली म्हणजे 9.75 टन. नमुने 30 सेंटिमीटरपर्यंत घ्या, दोन थर वेगळे ठेवून. दरवर्षी रिपोर्ट काढून 0.05 च्या फरकावर खूश होऊ नका, तेवढा फरक नमुना घेण्यातही पडतो. तीन-चार वर्षांनी, त्याच हंगामात, त्याच जागी, त्याच लॅबमधून काढा. बायोचार टाकला असेल तर लॅबला आधी सांगा, कर्ब मोजायच्या नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कोळशातला कर्ब नीट पकडला जात नाही.