रॉड खराब झालाय की व्होल्टेज कमी आहे? दोन आकडे मोजा, कळेल

थंडीत गावी गेलो की ताईकडे सकाळी एकच भांडण, बादली तापत नाही. दाजी म्हणाले रॉड गेला, नवीन आणतो. म्हटलं दाजी दोन मिनिटं थांबा, आधी मोजून बघू. हे सगळं नववी-दहावीला शिकलेलंच आहे, फक्त तेव्हा ते परीक्षेसाठी होतं त्यामुळे आंघोळीच्या बादलीशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नाही.

दोनच सूत्रं लागतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, ओहममध्ये. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार केला की पॉवर, वॅटमध्ये. पहिलं जर्मनीच्या ओहम साहेबांनी १८२७ मध्ये पुस्तकात मांडलं, आणि बाकी जे काही आहे ते याच दोघांना उलटसुलट करून निघतं.

आता मोजायचं कसं. व्होल्टेज मल्टीमीटरने, एसी ७५० किंवा ६०० च्या रेंजवर, आणि रॉड चालू असताना मोजायचं हे महत्त्वाचं, कारण रिकाम्या बोर्डवर २२० दिसतं आणि रॉड लावला की धाडकन खाली येतं, आपल्याला तो खालचा आकडा पाहिजे. करंट, म्हणजे अँपिअर, क्लॅम्प मीटरने मोजा, हा वायरभोवती चिमट्यासारखा बसतो. क्लॅम्पमध्ये फक्त एकच वायर घ्यायची, फेज किंवा न्यूट्रल, दोन्ही एकदम घेतल्या तर एकीचं दुसरीने कटतं आणि मीटर शून्य दाखवतो (मी पण पहिल्यांदा हेच करून मीटरला शिव्या घातल्यात). त्यासाठी एक छोटी एक्स्टेन्शन करून ठेवा ज्यात आतल्या वायरी सुट्या असतील, पण त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत पाहिजे.

आणि एक, मल्टीमीटरची लाल पिन १० अँपच्या भोकात ठेवून सॉकेटमध्ये कधीही घालू नका. त्या भोकाचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, २३० ला जवळजवळ शून्याने भागून बघा किती करंट येतो. स्फोटच होतो सरळ.

ताईकडे आकडे आले १९५ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर. भागाकार ३५.५ ओहम, गुणाकार १०७२ वॅट. रॉडवर छापलंय २३० व्होल्ट १५०० वॅट. दाजी लगेच, बघ म्हटलं ना गेला! पण थांबा, छापलेल्या आकड्यांवरून रेझिस्टन्स काढू. दोन्ही सूत्रं जोडली की व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे रेझिस्टन्स, २३० चा वर्ग ५२९००, त्याला १५०० ने भागलं की ३५.३ ओहम. म्हणजे मोजलेला आणि छापलेला रेझिस्टन्स सारखाच, रॉड एकदम ठणठणीत. कमी आहे ते व्होल्टेज. रॉडची कॉइल बदलत नाही, वॅट बदलतात, आणि ते व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात म्हणून व्होल्टेज १५ टक्के पडलं की पॉवर २८ टक्के जाते. १५ लिटरची बादली २० वरून ४५ डिग्रीला न्यायला १५०० वॅटला साडेसतरा मिनिटं लागतात, १०७२ ला साडेचोवीस, हवेत जाणारी उष्णता न धरता. नवीन रॉड आणला असता तरी तेवढाच वेळ लागला असता.

समजा रेझिस्टन्सच जास्त आला असता, ४२-४५ वगैरे, तर कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे समजा, पिन, सॉकेट, स्विच बघा. हा प्रकार साधा नाही. सॉकेटमध्ये फक्त अर्धा ओहम असला तरी तिथे उष्णता होणारे वॅट म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ५.५ चा वर्ग ३०, त्याचा अर्धा म्हणजे १५ वॅट, छोटी सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये ठेवल्यासारखं. पिन काळी पडते ती यामुळेच. आणि पूर्ण २३० आलं तर हाच रॉड साडेसहा अँपिअर खातो, म्हणून तो ६ अँपच्या सॉकेटला लावायचाच नाही, १६ चं मोठं सॉकेट पाहिजे.

हे गणित रॉड, गिझर, इस्त्री यांना चालतं. पिवळ्या बल्बला घोळ होतो, १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम असतो आणि थंड असताना मल्टीमीटर चाळीसच्या आसपास दाखवतो, फिलामेंट तापली की रेझिस्टन्स वाढतो ना. पाण्याच्या मोटरला तर नुसता गुणाकार करून वॅट म्हणू नका, पॉवर फॅक्टरने (या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर आहे तो आकडा) पण गुणावं लागतं, आणि भागाकार करून आलेला आकडा वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स नसतो.

क्लॅम्प मीटर नसेल तर घरच्या लाइट मीटरवर लाल एलईडी लुकलुकते तिचा उपयोग करा. बाजूला एका युनिटला किती पल्स, म्हणजे लुकलुकी, ते छापलेलं असतं, ताईकडे ३२०० होतं. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद, त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५. बाकी सगळं बंद, फक्त रॉड चालू, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. एका लुकलुकीला शून्य धरून पुढच्या वीस मोजल्या, २१ सेकंद लागले, २० गुणिले ११२५ भागिले २१ म्हणजे १०७१ वॅट. क्लॅम्प मीटरपेक्षा एकच वॅट कमी. पहिल्या वेळी मात्र मधेच फ्रिज सुरू झाला आणि सगळं परत मोजावं लागलं, तेवढ्यात दाजी गार पाण्याने आंघोळ करून आले पण.