रंग भरण्याआधी हद्द विचारा: नागपुरात नगर नियोजन शिकताना या चुका टाळा

दर वर्षी पावसाळ्यात नवी बॅच स्टुडिओत येते. कोणी आर्किटेक्चर करून आलेलं, कोणी सिव्हिल, कोणी बी. प्लॅन. पंधरा दिवसांत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर नागपूरचा नकाशा तयार होतो. रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा. दिसायला सुरेख. मग जूरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, कोणीतरी विचारतं, "ही हद्द कुठली घेतली?" आणि सगळे एकमेकांकडे बघू लागतात.

मी याच शहरात शिकलो आणि आता काही वर्षं मुलांचे स्टुडिओ आणि प्रबंध बघतो आहे. चुका वरून वेगवेगळ्या दिसतात, पण खणत गेलं की बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पोचतो. समोरचा आकडा किंवा रेघ कुठल्या हद्दीची, कुठल्या सालची आणि कोणाच्या अधिकारातली, हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

एक नाव, तीन नागपूर

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ आहे. शहराला लागून वाढलेल्या वस्त्या धरून जो नागरी समूह होतो, त्याची जवळपास २५ लाख. जिल्ह्याची साडेशेहेचाळीस लाखांच्या वर. तक्त्यात तिन्हीपुढे "नागपूर" एवढंच लिहिलेलं असलं की गोंधळ सुरू होतो. वाहनांचा आकडा जिल्ह्याचा उचलायचा, त्याला शहराच्या लोकसंख्येने भागायचं आणि दर हजारी वाहनांचं प्रमाण काढायचं, ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तक्ता हातात आला की आधी तळटीप शोधतो. घनतेचंही तसंच होतं. महानगर प्रदेशाचं क्षेत्र साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. शहराच्या लोकसंख्येला त्याने भागलं, तर इतवारीच्या गल्लीतही माणूस विरळ आहे असं उत्तर येईल.

हद्द सरकत राहते, हेही लक्षात ठेवा. हुडकेश्वर-नरसाळा हा भाग २०११ ची जनगणना झाल्यानंतर महापालिकेत आला. म्हणजे आजची मनपा हद्द काढून त्यावर २०११ चा आकडा लिहिला, तर नकाशा आणि आकडा दोन वेगळ्या शहरांचे होतात. प्रभागांची कथा अजून गुंतागुंतीची आहे. २०१७ च्या मनपा निवडणुकीला ३८ प्रभाग होते, जनगणनेचे वॉर्ड वेगळे. जनगणनेची माहिती प्रभागाच्या नकाशात सरळ ओतता येत नाही. ती आधी क्षेत्राच्या प्रमाणात वाटावी लागते, आणि तशी वाटली आहे हे शीटवर लिहावं लागतं.

त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे पुढच्या लोकसंख्येचा अंदाज फार जुन्या पायावर उभा राहतो. मुलं तीन पद्धतींनी अंदाज काढतात आणि ज्यातून मोठा प्रकल्प निघतो तो निवडतात. तसं करू नका. तिन्ही आकडे दाखवा, आणि मतदार याद्या, वीजजोडण्या, बांधकाम परवानग्या यांपैकी जे मिळेल त्याच्याशी ताडून बघा. शहराच्या दक्षिण कडेला वाढलेल्या बेसा-बेलतरोडीकडे एकदा गाडीने फेरी मारली तरी कुठला अंदाज अगदीच खोटा आहे ते कळतं.

नागपूर बारडोलीला कसं पोचतं

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण इथेच सगळ्यात जास्त रात्री वाया जातात.

नागपूर सुमारे ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे यूटीएमच्या ४४ व्या पट्ट्यात. (यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वी सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत वाटलेली असते.) हा पट्टा ७८ ते ८४ अंशांचा. पुणे-मुंबई ४३ व्या पट्ट्यात येतात. पुण्याच्या मित्राकडून प्रोजेक्ट फाइल आणली की तिच्यासोबत ४३ चं सेटिंगही येतं. मग थर, म्हणजे एकावर एक ठेवलेले माहितीचे नकाशे, जुळत नाहीत, आणि घाईत कोणीतरी थराचं रूपांतर करण्याऐवजी त्याच्यावरचं लेबलच बदलतं. ४४ मधले आकडे ४३ म्हणून वाचले गेले की नागपूर सहा अंश पश्चिमेला सरकतं आणि थेट सुरतेजवळ बारडोलीच्या आसपास जाऊन पडतं. उलट केलं तर ओडिशात. "माझा थर गायब झाला" अशी तक्रार आली की मी आधी झूम आउट करायला सांगतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट' (फक्त लेबल बदलणं) आणि 'रीप्रोजेक्ट' (खरं रूपांतर) या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तुम्हाला जवळपास नेहमी दुसरी हवी असते. विदर्भाचा प्रबंध असेल तर जास्त जपा, कारण अमरावती शहर ७८ अंशांच्या अलीकडे आहे आणि वर्धा पलीकडे. सुरुवातीलाच एक पट्टा ठरवा आणि सगळं त्यात आणा.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या प्रबंधात झाली होती. मागे ऑनलाइन नकाशा लावून मी मैदानं आणि बागा ट्रेस केल्या आणि क्षेत्रफळ काढलं. तो मागचा नकाशा वेब मर्केटरमध्ये होता, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या त्या पद्धतीत जी विषुववृत्तापासून दूर जाऊ तशी जागा फुगवून दाखवते. नागपूरच्या अक्षांशावर वेब मर्केटरमधलं सपाट क्षेत्रफळ जवळपास १५ टक्के फुगतं, म्हणजे १०० हेक्टरचे ११५ होतात. माझ्या तक्त्यात दरमाणशी मोकळी जागा चांगली दिसत होती, आणि मी त्यावर दोन पानं लिहिली होती. अंतिम सादरीकरणाला नऊ दिवस असताना एका वरिष्ठ मुलीने अंबाझरी बागेचा आकडा बघून विचारलं, "इतकी मोठी आहे का रे ती?" ती दोन पानं काढली, निष्कर्ष बदलला. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुठलंही क्षेत्रफळ काढायच्या आधी एखादं ओळखीचं मैदान मोजायचं, ज्याचं खरं माप कागदावर मिळतं.

बफरचंही (एखाद्या ठिकाणाभोवती ठरावीक अंतराचा घेर) सांगून टाकतो. थर अंशांमध्ये असताना ५०० मीटर समजून ५०० टाकलं की सगळी पृथ्वी व्यापणारा डाग येतो. मग मुलं ०.००५ टाकतात. इथे ०.००५ अंश म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे ५२० मीटर आणि उत्तर-दक्षिण साडेपाचशेच्या वर. मेट्रो स्टेशनभोवतीचं तुमचं वर्तुळ अंडाकृती झालेलं असतं.

"टीपी" म्हणजे नेमकं काय?

नागपुरात प्लॉट घेणारा माणूस विचारतो, "एनए-टीपी आहे का, की आरएल?" एनए म्हणजे बिगरशेती, आणि त्याला टीपी म्हणजे नगर रचना विभागाने मंजूर केलेला ले-आऊट अभिप्रेत असतो. तुमच्या अभ्यासक्रमात टीपी म्हणजे नगर रचना योजना, महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या पाचव्या प्रकरणातली, जिथे जमिनी एकत्र करून, रस्ते आणि सोयी काढून, मालकांना अंतिम भूखंड परत दिले जातात. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही. एका मुलाने मुलाखतींमधल्या "टीपी आहे" या उत्तरावरून अख्खा परिसर नगर रचना योजनेत दाखवला होता. पोरगा मेहनती होता, पन्नास घरं फिरला होता. फक्त समोरचा माणूस कुठला शब्द कुठल्या अर्थाने वापरतो, हे त्याने विचारलं नव्हतं.

आरएल तर वाचल्याशिवाय नागपूर समजतच नाही. अनधिकृत ले-आऊटमधले भूखंड २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करताना नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) जे पत्र देते, ते आरएल. "५७२" आणि "१९००" ले-आऊट हे आकडे इथे वस्तीच्या नावासारखे बोलले जातात. शहराचा केवढा तरी भाग आराखड्याच्या मागून नियमित झाला आहे. विकास योजनेचा नकाशा समोर ठेवून "शहर असं वाढलं" असं लिहिलंत, तर हा सगळा इतिहास गळून पडतो.

अधिकाराचा प्रश्नही इथेच येतो. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यातली, महापालिका १९५१ पासूनची, महानगर प्रदेशाचं प्राधिकरण अगदी अलीकडचं, आणि मिहानचं (विमानतळालगतच्या मालवाहतूक-उद्योग प्रकल्पाचं) काम वेगळ्याच कंपनीकडे. प्रस्तावात "प्रशासनाने करावे" असं लिहिलं की ते वाक्य कोणाच्याच टेबलावर जात नाही. ज्या रस्त्याबद्दल लिहिता तो कोणाच्या ताब्यात आहे, हे शोधायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

कायद्याची कलमं पाठ नसली तरी चालतील, पण काही वाचाच. २५ वं कलम सद्यस्थितीतील जमीन वापर नकाशाचं. १२७ वं आरक्षणाचं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचं: अंतिम योजना लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. प्रबंधात जुन्या आरक्षणावर बाग रंगवण्याआधी हे तपासा. बांधकामाचे नियमही जुन्या प्रबंधांतून उचलू नका. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रित नियमावली लागू झाली.

जाता जाता एक गोष्ट. "नागपूर प्लॅन" असं शोधलं की १९४३ चा सापडतो. तो इथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून निघालेला, देशभराच्या रस्त्यांचा आराखडा आहे. शहराचा नव्हे.

पायाखालची जमीन

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचा तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या हिवाळ्यात आम्ही काही मुलांसोबत नाल्यालगतच्या एका गल्लीत गेलो. मुलांकडे उपग्रहावरून काढलेल्या समोच्च रेषा (समान उंचीच्या रेषा) होत्या, ३० मीटरच्या पिक्सेलच्या. त्यावर ती गल्ली सपाट होती, एका रंगाची. प्रत्यक्षात घरांच्या भिंतींवर मातकट रेघ दिसत होती. एका घरी कमरेएवढी, तीन घरं पुढे गुडघ्याएवढी, वळणावरच्या घरी पुन्हा छातीपर्यंत. दारात मेथी निवडत बसलेल्या काकू म्हणाल्या, "टेप कशाला लावतेस बेटा, इथं फ्रिज तरंगत होता, तेवढंच पाणी." त्यांनी हात ठेवला तिथे मुलीने टेप लावला. १ मीटर १२ सेंटिमीटर. मग काकूंनीच दाखवलं की पाणी नाल्याकडून आलं नव्हतं, मागच्या रस्त्याकडून आलं होतं. तो रस्ता काही वर्षांपूर्वी उंच केला होता. हे कुठल्याही थरात नव्हतं.

सर्वेक्षणाची वेळही बघा. मे महिन्यात पारा ४५ कडे गेलेला असताना दुपारी एक वाजता सीताबर्डीच्या मेन रोडवर पादचारी मोजले, तर फूटपाथची गरजच नाही असा निष्कर्ष निघेल. उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत आणि सूर्य कलल्यावर मोजा, आणि फॉर्मवर तारीख-वेळ लिहा. वाहनं मोजताना एक दुचाकी म्हणजे सरसकट ०.५ कार धरू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या निकषात दुचाकींचा वाटा १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ०.७५ आहे, आणि आपल्याकडे तो तसाच असतो.

प्रादेशिक अभ्यास करणाऱ्यांसाठी

इथे पुण्याची चौकट जशीच्या तशी बसत नाही. विदर्भातल्या गावाचा सातबारा बघून थांबू नका, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जही मागा. चराई, सरपण, वाट, तलावातलं पाणी यांवरचे गावाचे हक्क तिथे नोंदलेले असतात. ज्या जागेला तुम्ही "पडीक" म्हणून लॉजिस्टिक पार्कचा रंग देता, तिथे गावाची गुरं चरत असू शकतात. शहरातल्या जमिनीत नझूल (सरकारी मालकीची जमीन) कुठे आहे तेही बघा.

आणि माहिती मागायला दूर जाऊ नका. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, नीरी (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) आणि राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र याच शहरात आहेत. रीतसर पत्र घेऊन, नेमका प्रश्न लिहून गेलात तर लोक वेळ देतात. "डेटा पाहिजे होता" एवढंच म्हणत गेलात तर कोणी तरी काय देणार?

निकषांबद्दल थोडक्यात. ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा या हिशेबाने २४ लाखांना ४८० शाळा होतात. त्या जुन्या वस्तीच्या महालात किती आणि शहराच्या कडेच्या वाठोड्याकडे किती, हे भागाकार सांगत नाही.

जूरी आठ दिवसांवर आली असेल तर

आता नवा थर उघडू नका. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहा: हद्द, साल, अधिकार. ज्या शीटवर त्या लिहिता येत नाहीत ती बाजूला ठेवा. सगळी क्षेत्रफळं एकदा ४४ व्या पट्ट्यात पुन्हा काढा. एकाच गटातल्या चौघांचे आकडे एकाच तक्त्यावर येतात का बघा. बहुतेक वेळा प्रत्येकाने वेगळी लोकसंख्या धरलेली असते. आणि एक सकाळ, एकच, तुमच्या परिसरात चालून या.

त्या गल्लीत टेप लावणाऱ्या मुलीकडे बावीस शीट होत्या. तिने सात लावल्या. त्यातल्या एकीवर एकोणीस घरं होती आणि प्रत्येक घरासमोर पाण्याच्या रेघेची उंची, मोजल्याची तारीख, आणि उंच केलेला रस्ता लाल रेघेत. जूरी त्या शीटसमोर पाऊण तास उभी होती. बाहेरून आलेल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हा रस्ता कोणाचा?" आणि तिला उत्तर माहीत होतं.